अटल सेतूवरचा आडोसा

गव्हाणजवळच्या शिवाजीनगरहून अटल सेतूवर चढून मुंबईकडे निघालो की काही अंतरावर उजव्या बाजूला उंच आडोसा सुरू होतो. पलीकडे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ते पुलावरून दिसू नये म्हणून ही सोय. जानेवारी 2024 मध्ये पूल खुला झाल्यापासून गाडीत बसलेले पाहुणे हमखास विचारतात, "इथेच का झाकलंय?" आडोसा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण अणुसुरक्षा म्हणजे भिंत, काटेरी तार आणि बंदूकधारी जवान, एवढेच चित्र आपल्या डोक्यात बसले आहे. मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. मला धोका दुसरीकडून येताना दिसतो.

27 जून 2017 आठवा. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत शिरला आणि आमच्या शेजारच्या न्हावा शेवा बंदरातले त्याच समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कुंपण जागेवर होते, पहारा जागेवर होता, भिंत कोणीही ओलांडली नव्हती. बंदराचे नुकसान पैशात तरी मोजता येते.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे अणुविजेच्या वाटेला नव्याने लागलेले देश. संयुक्त अरब अमिरातीतल्या बराका प्रकल्पातून 2020 पासून वीज येते. बांगलादेशात रूपपूर, तुर्कस्तानात अक्कुयू, इजिप्तमध्ये अल-दबा येथे रशियाच्या मदतीने प्रकल्प उभारले जात आहेत. कोकणातल्या किती घरांतली माणसे आखातात आहेत! बराका आपल्याला परके नाही. या देशांना अणुभट्टी विकत मिळते, ती सांभाळण्याची सवय मिळत नाही. ती शिकावी लागते. 1969 मध्ये तारापूर सुरू झाले तेव्हा आपणही नवखेच होतो. भट्ट्या अमेरिकन कंपनीच्या होत्या.

आता आपण शिकवणाऱ्यांच्या रांगेत आहोत. एप्रिल 2010 मध्ये वॉशिंग्टनच्या अणुसुरक्षा परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्राची घोषणा केली. ते हरियाणात बहादूरगडजवळ आहे आणि अणुसुरक्षेचे शिक्षण हा त्याचा एक विभाग आहे. 2017 मध्ये या केंद्राने बांगलादेशाच्या अणुऊर्जा आयोगाशी करारही केला. चांगली गोष्ट आहे. प्रश्न इतकाच, की पाहुण्यांना आपण काय शिकवणार?

माझ्या मते आपल्या चुका. ऑक्टोबर 2019 मध्ये कुडनकुळम प्रकल्पाच्या संगणकात मालवेअर असल्याची बातमी आली. प्रकल्पाने 29 तारखेला साफ नाकारले. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने कबूल केले, की प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडले होते, आणि त्याची सूचना 4 सप्टेंबरलाच मिळाली होती. भट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी आहे, सुरक्षित आहे, हे महामंडळाचे म्हणणे मी मानतो. मात्र इराणमधल्या नतांझच्या यंत्रणाही इंटरनेटपासून वेगळ्याच होत्या, तरी स्टक्सनेट आत पोचला. माझा आक्षेप आदल्या दिवशीच्या नकाराला आहे. आमच्या धंद्यात बिघाड लपवणारा बिघाड करणाऱ्यापेक्षा महाग पडतो.

यातूनच "आतल्या माणसाचा" प्रश्न येतो. प्रशिक्षणात तो असतोच, असायलाही हवा. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासा, नाजूक काम एकट्यावर सोडू नका. पण संशय वागण्यावरून घ्यावा, नावावरून नव्हे. नावावरून पारखणारा पहारेकरी खऱ्या चोराला सलाम ठोकून आत सोडतो. आणि कंत्राटी कामगाराने "माझ्याकडून चुकीचा पेनड्राइव्ह लागला" असे सांगितल्यावर त्याची नोकरी जाणार असेल, तर तो गप्पच बसेल. कोणीही बसेल.

वॉशिंग्टनमध्ये ती घोषणा झाली त्याच महिन्यात दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 सापडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने उपकरण भंगारवाल्यांनी तोडले होते. किरणोत्साराने अनेक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. भंगाराच्या धंद्यात आपली माणसे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. अणुसुरक्षेच्या वर्गात अधिकारी बसतात. हातोडा ज्याच्या हातात आहे तो बाहेरच राहतो.

गेल्या महिन्यात कळंबोलीत ओळखीच्या एका भंगारवाल्या चाचांना मी मोबाईलवर किरणोत्साराचे चिन्ह दाखवले. पिवळ्यावर काळी तीन पाती. "पंख्याच्या कंपनीचा मार्का वाटतो," ते म्हणाले. मी समजावून सांगितले. असे काही आले तर हात लावू नका, लांब व्हा, लगेच कळवा. अणुऊर्जा नियामक मंडळ नावाची संस्था आहे, तीही मुंबईतच, खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला.

चाचांनी मान हलवली. "ते ठीक आहे बेटा. रात्री अकरा वाजता माल उतरतो तेव्हा फोन कोणाला करायचा, तेवढं लिहून दे."