कॅमेरा विकत मिळतो, नजर नाही

छायाचित्रणाचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे आज मोठा पेच आहे. मोबाइलने ज्याच्या त्याच्या हाती कॅमेरा दिला. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीलाही २०१२ साली अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मग गिऱ्हाइकाने स्टुडिओची पायरी का चढावी?

आमचे उत्तर एकच: नजरेसाठी. म्हणूनच मालवणसारख्या किनाऱ्यावर छायाचित्रणाच्या कार्यशाळेत घालवलेले चार दिवस आम्ही खर्च नव्हे, भांडवल मानतो. कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाचा ठरावीक फोटो बहुतेक पर्यटक काढतातच. शिकणाऱ्याने चिवला किनाऱ्यावर रापण ओढणारे हात पाहावेत, ओहोटीला उघडे पडणारे खडक पाहावेत. एकाच जागी ट्रायपॉड लावून उजेड कसा बदलतो ते टिपावे. सांजेला शटर सेकंदभर उघडे ठेवून लाटेचे धुके कसे होते ते पाहावे. रात्री सर्वांचे फोटो शेजारी मांडले की कोणाची नजर उसनी आणि कोणाची स्वतःची, हे आपोआप उघड होते.

सुताराची ओळख रंध्यावरून नव्हे, कामावरून होते. ज्याचे काम नावाशिवाय ओळखू येते, त्याला भावासाठी घासाघीस कमीच करावी लागते. नवी लेन्स घेण्यापूर्वी बांधवांनी याचा जरूर विचार करावा.