शाळेतली एक, घरातली एक

आमच्या नात्यातली एक मुलगी कॉलेजात जाऊ लागली. एकदा मैत्रिणी घरी येणार म्हणून तिने बाहेरच्या खोलीतील बाबासाहेबांची तसबीर काढून आत नेऊन ठेवली. वडील संतापले, आई रडली. "ज्यांच्यामुळे शिकलीस, त्यांचीच लाज वाटते?" पोर मान खाली घालून उभी. तिच्या मनात काय चालले आहे, हे कोणीच विचारले नाही. आम्हीही नाही.

पुढे अँजी थॉमस या अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकेची 'द हेट यू गिव्ह' ही कादंबरी आमच्या हाती आली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. लिहिली आहे कुमारवयीन मुलामुलींसाठी, पण वाचावी आईबापांनीही.

नायिका स्टार कार्टर सोळा वर्षांची. राहते काळ्यांच्या गरीब वस्तीत. शिकते दूरच्या, बहुतेक गोऱ्या मुलांच्या खाजगी शाळेत. शाळेत वस्तीची बोली ओठांवर येऊ द्यायची नाही, राग आला तरी गिळायचा, नाहीतर 'ही वस्तीतलीच' असा शिक्का बसायचा. एक स्टार शाळेतली, एक घरातली. यातली खरी कोणती, हे तिचे तिलाच कळेनासे होते.

एका रात्री तिचा बालमित्र खलील तिच्या डोळ्यांदेखत पोलिसाच्या गोळीने मरतो. त्याच्याजवळ होता केस विंचरायचा ब्रश. पोलिसाला म्हणे ते पिस्तूल वाटले! आणि शाळेत मैत्रिणी विचारतात तेव्हा स्टार सांगते, या खलीलला मी ओळखत नाही. इथे आम्ही पुस्तक मिटले. आमच्या त्या मुलीची आठवण झाली.

स्टारचे वडील किराणा दुकान चालवतात. त्यांनी मुलांकडून ब्लॅक पँथरचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतला आहे. याच ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण नुसत्या पाठांतराने स्टारची भीती जात नाही. आईवडील तिला जवळ घेतात, तिचे ऐकून घेतात, तेव्हा ती बोलती होते. पोलिसावर खटला भरायला ज्युरी नकार देते. तरीही स्टार रस्त्यावर उतरते आणि हाती भोंगा घेऊन खलीलसाठी बोलते.

भगिनींनो, आपल्या मुलींना वसतिगृहात आडनाव विचारले जाते, 'कोणत्या कोट्यातून आलीस?' असे विचारले जाते. आपण त्यांच्याकडून २२ प्रतिज्ञा पाठ करून घेतो, १४ एप्रिलला भाषण करायला लावतो. ते हवेच. पण संध्याकाळी ती घरी आली की, 'आज कोणी काही बोलले का ग?' असे आपण विचारतो का? लाज असलीच तर ती टोमणा मारणाऱ्याची. पण हे तिला घरातल्या कोणीतरी जवळ बसून सांगावे लागते.

पुस्तकात शिव्या आहेत. त्याच कारणाने टेक्सासमधील कॅटी येथील शाळांतून २०१७ साली ते काढून घेतले होते. आयांनी त्याला घाबरू नये. पुस्तक इंग्रजी आहे. ते मुलीने वाचावे आणि आईला गोष्ट सांगावी.

आम्ही ते त्या मुलीला दिले आणि एवढेच विचारले, "त्या दिवशी कोण कोण येणार होते ग?" ती बराच वेळ बोलत राहिली. हे आम्ही आधीच विचारायला हवे होते.