वाऱ्याचा कासरा हातात ठेवा

वारा सुटला की आपण आधी कडब्याची गंज बघतो, मग पत्र्यावरचे दगड. तळ्याकडे मात्र कुणाची नजर जात नाही. तळे म्हणजे कोंडलेले पाणी, त्याला कसली लाट आणि कसले वादळ, अशी आपली समजूत. ही समजूत माणसे बुडवते. म्हणून आज थोडे समुद्राकडचे बोलू. धाराशिवच्या शेतकऱ्याला समुद्र कशाला, असे म्हणाल; पण शेवटपर्यंत वाचा.

गोव्यात मोरजी-अश्वेच्या किनाऱ्यावर आणि तामिळनाडूत रामेश्वरमजवळ काइटसर्फिंग नावाचा खेळ चालतो. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला वीसेक मीटर दोऱ्यांनी जोडलेला भला मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला पाण्यावरून पळवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या.

नवशिक्याला शिकवण्यासाठी आडोशाची खाडी किंवा बंदर बरे, कारण तिथे लाट कमी. पण तिथेसुद्धा जाणता शिक्षक पाण्याआधी वारा बघतो. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर नवख्याला उतरू देत नाही. कारण अशा वेळी आपण उभे असतो त्या काठाचे पाणी शांत दिसते, पण वारा माणसाला आत ढकलत नेतो, आणि पाण्याचा पल्ला जितका लांब तितकी पुढची लाट मोठी. दुसरे, टेकडीच्या आडचा वारा एकसारखा नसतो, झटक्याने येतो. तिसरे, ढग काळवंडला की पतंग खाली. आणि चौथे, पतंग आवरेनासा झाला तर एका झटक्यात सुटेल अशी कळ पट्ट्यालाच असते. बैल उधळला तर सुटली पाहिजे अशीच गाठ आपणही मारतो, तसेच हे.

वाऱ्याचा एक हिशेब शेतकऱ्याने पाठ करून ठेवावा. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० झाला तर चार पट, ६० झाला तर नऊ पट. शेडनेट फाटते, पत्रे उडतात, केळी आडव्या होतात, ते याच हिशेबाने. आणि होडी उलटते तीही याच हिशेबाने.

दूर जायला नको. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. आपल्या परंड्याच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातले कुगाव. तिथून उजनीच्या फुगवट्यातून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलेही होती. एकजण पोहून काठाला लागला. ते काही खवळलेल्या समुद्रात गेले नव्हते. रोजच्या वाटेच्या पाण्यात गेले होते.

वळवाचा वारा असा अचानक का येतो? दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उंच चढतो. पाऊस पडू लागला की ढगातली गार हवा जोराने खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. म्हणून पाऊस अजून लांब असतो आणि वारा आधी येऊन पोचतो. पाऊस आला की निघू म्हणणारा माणूस तोवर तळ्याच्या मध्यावर असतो.

आपल्या जिल्ह्यात सीना-कोळेगाव आहे, माकणीचा निम्न तेरणा आहे, तेरचा तेरणा प्रकल्प आहे, नळदुर्गजवळ बोरीचे पाणी आहे. साठा चांगला असला की मासेमारीला होड्या निघतात. काही जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मोटारीच्या पाइपापर्यंत जातात. अंगावर जॅकेट नसते, काठावर बघणारा नसतो.

त्याहून जवळचा धोका शेततळ्याचा. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने गुळगुळीत होतो. पाय घसरलेला पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. पोराला वाचवायला उडी मारलेला बापही तिथेच अडकतो. पाणी अडवायला आपण लाखाचा खर्च केला. दोर बांधायला मात्र विसरलो.

काय करावे? शेततळ्याला कुंपण घाला, दाराला कडी लावा. चारही बाजूंनी गाठी मारलेला नायलॉनचा दोर पक्क्या खुंट्याला बांधून पाण्यात सोडा. तोंड घट्ट बंद केलेला वीस लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधून काठावर ठेवा. तो माणसाला तरंगत ठेवतो. कुणी पडले तर आधी दोर फेका, उडी नंतरची. होडीत बसायचे तर जॅकेट घालूनच. एप्रिल ते जून दुपारनंतर पल्ल्याचे पाणी ओलांडू नका. हवामान खात्याने सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा दिला त्या दिवशी होडी काठाला बांधा. फवारणीही त्या दिवशी नको. औषध वाऱ्यावर आणि पैसा पाण्यात.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एक विनंती. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात शेततळी किती, कुंपण कितींना, होड्या किती, जॅकेट किती, एवढी यादी केली तरी अर्धे काम होईल. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येईलच. चार दोर आणि दोन कॅन यांना मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आणि दुर्घटनेनंतर मिळणाऱ्या मदतीने घरचे माणूस परत येत नाही.

पतंगावर स्वार होणारी पोरे मौजेसाठी पाण्यात जातात, तरी वाऱ्याला विचारल्याशिवाय जात नाहीत. आपण तर पोटासाठी जातो. मग आपण त्याला दोनदा विचारायला हवे.