बाल्कनीसमोरची होडी

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात आठवडाभर वाद चालला होता. जमिनीचा नव्हे, लग्नाचाही नव्हे. अब्बा-अम्मींना क्रूझवर न्यायचं तर केबिन कुठली घ्यायची, यावरून. ऐकायला हा श्रीमंतांचा वाद वाटेल. पण आमच्यासारख्या घरात असा खर्च आयुष्यात एकदाच होतो, आणि एकदाच होणाऱ्या खर्चावरून भावंडं जितकी भांडतात तितकी वाटणीवरूनही भांडत नसतील.

माझा धाकटा भाऊ शारजात नोकरी करतो. हिवाळ्यात दुबईहून आखातातल्या बंदरांना जाणाऱ्या क्रूझ सुटतात. अब्बा-अम्मी दोन महिने त्याच्याकडे राहायला गेले, तेव्हा हे त्याच्या मनात आलं. अब्बांनी उमेदीची अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये ऑइलमन म्हणून काढली. इंजिन रूम जहाजाच्या पोटात असते. तिथे खिडकी नसते. उष्णता, तेलाचा वास आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही इतका आवाज, एवढंच असतं. "दर्या बघितला तो ड्युटी संपल्यावर, तोही झोप मोडून," असं अब्बा सांगतात. भावाचं म्हणणं इतकंच होतं, की आता त्यांना आपल्या खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. म्हणजे बाल्कनीवाली केबिन.

बाल्कनीच्या केबिन दोन दरांच्या होत्या. एक मोकळी. दुसरी बरीच स्वस्त, पण तिच्यापुढे छोटी चांदणी होती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की समोरचा देखावा अंशतः अडलेला असेल. दोघांचा मिळून फरक भावाच्या जवळपास एका महिन्याच्या घरभाड्याइतका होता. तो क्रेडिट कार्डावर टाकून हप्त्यांनी फेडायला तयार होता. मी फोनवर म्हटलं, चांदणीवाली घे. तो भडकला. "भाईजान, ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं लोखंडी भिंती बघितल्या, त्याला मी पैसे भरून पुन्हा लोखंडच दाखवू?"

बोलणं बिनतोड होतं. तरी मी हटलो नाही. का हटलो नाही आणि त्यात माझं कुठे चुकलं, ते दोन्ही सांगतो. आपल्यातली बरीच कुटुंबं आता अशा सहलींना जाऊ लागली आहेत. हा प्रश्न त्यांच्याही पुढे येईल.

सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की देखावा अडतो कशाने. बहुतेक जहाजांवर त्याचं उत्तर लाईफबोट हे असतं. जहाजाच्या दोन्ही अंगांना, मुख्यतः मधल्या भागात, या होड्या ओळीने टांगलेल्या असतात. तुमची केबिन होड्यांच्याच पातळीवर असेल तर बाल्कनीसमोर होडीचं अंग येतं आणि समुद्र जवळजवळ दिसत नाही. एक मजला वर असेल तर समोर बघितल्यावर क्षितिज दिसतं आणि खाली बघितल्यावर होडीचं छप्पर. दोन होड्यांच्या फटीसमोर असेल तर नशीब चांगलं. काही ठिकाणी होडी नसतेच, होडी खाली सोडणारा लोखंडी हात मध्ये येतो, नाहीतर एखादा खांब, नाहीतर काचेच्या कठड्याऐवजी पत्र्याचा बंद कठडा. हे सगळे प्रकार त्या एकाच चांदणीखाली विकले जातात. म्हणून नुसत्या चांदणीवर जाऊ नका. केबिनचा नंबर मागून घ्या, जहाजाच्या नकाशात होड्या कुठल्या डेकवर आहेत ते बघा, आणि त्याच नंबरच्या केबिनमध्ये राहून आलेल्या कुणी फोटो टाकले आहेत का ते शोधा. बरेचदा असतात. कंपनी देईल ती केबिन घेऊ असं कबूल करून कमी दर घेतला असेल, तर मग समोर होडी आली म्हणून तक्रार करायची नाही.

होड्या कुठे टांगायच्या, हे देखाव्याचा विचार करून ठरत नाही. 'क्वीन मेरी २' हे जानेवारी २००४मध्ये पहिल्या सफरीला निघालेलं जहाज याचं चांगलं उदाहरण आहे. ते उत्तर अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेलं. तिथल्या उंच लाटांनी होड्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या नेहमीपेक्षा वर, पाण्यापासून सुमारे २५ मीटरवर ठेवल्या. नियमातून तशी सवलत घ्यावी लागली. परिणाम असा, की त्या जहाजाच्या आठव्या डेकवरच्या अनेक बाल्कन्यांसमोर होड्या आहेत. म्हणजे तिथल्या प्रवाशाला काय दिसणार, हे अटलांटिकच्या लाटांनी ठरवलं.

या केबिनचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत. होड्या बहुधा मधल्या भागात आणि खालच्या बाजूला असतात, आणि जहाज सगळ्यात कमी हलतं तेही तिथेच. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. उलट बाजूला, होड्यांची देखभाल चालू असते, खलाशी त्यांच्या छपरावर चढतात, तेव्हा पडदा ओढून घ्यावा लागतो. जहाज धक्क्याला लागू शकत नाही अशा बंदरात प्रवाशांना किनाऱ्यावर न्यायला यांतल्याच काही होड्या वापरतात. त्या दिवशी सकाळीच यंत्राच्या घरघरीने जाग येते. पण होडी खाली गेली की ती परत येईपर्यंत पूर्ण समुद्र तुमचा.

हे सगळं झालं हिशेबाचं. पण मी हट्ट धरला तो हिशेबासाठी नव्हे. भावाने ज्याला लोखंड म्हटलं, ते काय आहे याचा विचार आम्ही दोघांनीही करायला हवा होता असं मला वाटलं.

१९१२ साली 'टायटॅनिक' बुडालं तेव्हा त्याच्यावर सुमारे २२०० माणसं होती आणि होड्या होत्या २०. त्यांत जागा ११७८. हे त्या काळच्या ब्रिटिश नियमांच्या विरुद्ध नव्हतं. नियम जुने होते. दहा हजार टनांपुढच्या जहाजाला सोळा होड्या पुरेत, मग ते कितीही मोठं असो, असं ते सांगत होते. 'टायटॅनिक' ४६ हजार टनांचं होतं. दीड हजार माणसं गेल्यावर १९१४मध्ये लंडनला देश एकत्र आले आणि समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजचा नियम असा आहे, की लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या प्रवासी जहाजाच्या प्रत्येक अंगाला निम्म्या माणसांची सोय हवी. त्यातला काही वाटा तराफ्यांवर टाकता येतो, पण होड्यांची जागा प्रत्येक बाजूला ३७.५ टक्क्यांखाली जाता कामा नये. शिवाय आणखी २५ टक्के माणसांपुरते तराफे वेगळे. इतकं सगळं ठेवायचं तर कुणाच्या तरी खिडकीपुढे येणारच.

आपल्याला इतक्या लांबही जायला नको. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं असताना, गटारी अमावस्येच्या दिवशी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि वाटेतच कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई तिथून काही मैलांवर होती. रायगडच्या किनाऱ्यावर असं गाव सापडणं कठीण, जिथल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नाही. अब्बांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांचा एक मामू त्या बोटीवर होता. आमच्या आजीने पुढे मुलाला जहाजावर नोकरी करू दिली ती घरात दुसरा इलाज नव्हता म्हणून. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा तिने पगार विचारला नाही. बोटीवर होड्या किती आहेत, हे विचारलं. अब्बा ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. मी भावाला फक्त तिची आठवण करून दिली. तो गप्प झाला, आणि दुसऱ्या दिवशी चांदणीवालीचं बुकिंग केलं.

वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून त्याने एक काम चांगलं केलं. स्वतःसाठी आतली, बिनखिडकीची केबिन घेतली आणि तोही सोबत गेला. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांच्या सहलीत मोकळ्या देखाव्यापेक्षा सोबत मोलाची. रात्री गोळी कुठली घ्यायची आणि जेवणात काय चालतं काय नाही, हे विचारायला जवळ मुलगा हवा. समुद्र त्याचं उत्तर देत नाही.

आता माझी चूक. एजंटाने भावाला सांगितलं होतं, "सर, नावाला अडथळा आहे, काही फरक पडत नाही." आम्ही केबिनचा नंबर घेतला, नकाशा बघितला. होड्यांच्या एक मजला वरची होती. एका प्रवाशाने टाकलेला फोटोही मिळाला. त्यात समोर निळा समुद्र आणि खाली केशरी छप्पर. मी निश्चिंत झालो. तो फोटो उभ्या माणसाने काढला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

अब्बा उभे राहणारे. कठड्याला हात टेकून तासन्‌तास. अम्मीचे गुडघे गेलेले. ती खुर्चीत बसणारी. आणि खुर्चीतून तिला दिसत होतं ते मुख्यतः केशरी छप्पर आणि त्यावर समुद्राची एक पट्टी. आठवडाभर आम्ही दोघं भाऊ अब्बांनी काय बघितलं, काय बघितलं नाही यावर भांडलो. अम्मी आखाती नोकऱ्यांच्या आणि जहाजांच्या त्या सगळ्या वर्षांत गावी बसून होती. तिने दर्या बघितला तो रोज, पण वाट बघत. तिला काय बघायचं आहे, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. फोनवर मी माफी मागितली तर म्हणाली, "अरे, होडीवर एक कबुतर येऊन बसतंय. त्याला बघते." ही तिची नेहमीची सवय, मुलांची चूक झाकायची. त्यामुळे मला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ तिला खालच्या उघड्या डेकवर नेऊ लागला. होड्या टांगलेल्या असतात त्यांच्या खालून फिरायची जागा होती. तिथल्या आरामखुर्चीतून समोर काही आड येत नव्हतं. त्या खुर्चीला वेगळे पैसे पडत नाहीत. सुइटवाला आणि बिनखिडकीवाला तिथे शेजारी बसतात. पुढचे सगळे दिवस दुपारचा चहा तिघांनी तिथेच घेतला.

म्हणून ज्यांना ही केबिन घ्यायची आहे त्यांना माझं सांगणं असं. जरूर घ्या. देखाव्यासाठी कर्ज काढू नका. पण घेण्याआधी घरात विचारा, की बाल्कनीत उभं कोण राहणार आणि बसणार कोण. बसणारं माणूस असेल तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काय दिसतं ते शोधा, आणि छप्परच दिसत असेल तर बाल्कनीचा हट्ट सोडून साधी खिडकीची केबिन बघा. ती याहून स्वस्त पडते आणि कधीकधी तिच्यातून जास्त दिसतं. मात्र तिच्याही नावापुढे चांदणी आहे का ते बघा.

आणि विकणाऱ्यांना एक सांगणं. होडी आड येते यात तुमचा दोष नाही. ती तिथेच हवी. पण बारीक अक्षरांत चांदणी टाकून वर "काही फरक पडत नाही" म्हणणं, हा दोष आहे. मालातली उणीव गिऱ्हाइकाने शोधून काढायची नसते, विकणाऱ्याने आधी दाखवायची असते. प्रत्येक केबिनच्या खुर्चीतून काढलेला एक फोटो टाकला तरी अर्धी भांडणं मिटतील. सरळ लिहा, की इथून लाईफबोट दिसते, म्हणून दर कमी आहे. आमच्यासारखे लोक तरीही घेतील.

अब्बांचं काय झालं, ते राहिलं. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना संकटाच्या वेळी जमायची जागा दाखवतात. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडून ३२ माणसं गेली, त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी असा नियम झाला. तिथून परत आल्यावर ते बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. भाऊ मागून गेला. त्याला वाटलं, होडी बघून नाराज झाले असतील. अब्बा कठड्यावरून वाकून होडी सोडायच्या तारा बघत होते. म्हणाले, "ग्रीस ताजं आहे. माणसं कामाची आहेत." मग खोलीत आले, जोडे काढले आणि झोपले. भाऊ सांगतो, त्या रात्री ते एकदाही उठले नाहीत.