श्री ठाणेदारांची पदरमोड

श्री ठाणेदारांची गोष्ट मराठीत एकाच चालीवर सांगितली जाते. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, घरची ओढाताण, मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. १९७९ मध्ये अमेरिका, ॲक्रन विद्यापीठात पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी., सेंट लुईसमध्ये नोकरी. मग ७५ हजार डॉलर कर्ज काढून 'केमिर' ही तीन माणसांची प्रयोगशाळा विकत घेतली आणि भरभराटीला आणली. २००८ च्या मंदीनंतर सगळं बँकेच्या घशात गेलं. ॲन आर्बरमध्ये 'ॲव्होमीन' ही कंपनी काढून गडी पुन्हा उभा राहिला आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकून मोकळा झाला. जानेवारी २०२३ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सदस्य. स्वतः ठाणेदारांनी 'ही श्रीची इच्छा' हे आत्मकथन लिहून या चालीला आधीच सूर लावून दिला होता.

यातलं काही खोटं नाही. कर्ज काढून धंदा उभारणं, तो बुडाल्यावर पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं याला छाती लागते. भांडण आहे ते या गोष्टीतून आपण जे निष्कर्ष काढतो त्यांच्याशी. असा माणूस कुणाचा मिंधा नसतो, ज्याने कंपनी चालवली तो सरकारही चालवील, आणि काही झालं तरी तो आपला माणूस आहे, हे तीन निष्कर्ष सत्काराच्या भाषणांत हमखास येतात. चौथा, उलट बाजूचा, कुजबुजत येतो: खुर्ची पैशाने घेतली. माझ्या मते चारही चूक आहेत, आणि चौथा सगळ्यांत आळशी आहे.

त्याच्यापासूनच सुरुवात करू. २०१८ मध्ये ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरले. स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक ओतले. निकाल काय? ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, अब्दुल अल-सईद दुसरे, ठाणेदार तिसरे. २०२२ मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत तर पैशाचा दुसरा लोंढा त्यांच्या विरोधात होता. इस्रायलसमर्थक 'आयपॅक' या संघटनेच्या प्रचारनिधीने त्यांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्यासाठी चाळीस लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. तरी ठाणेदार जिंकले. पैसा ओतून हरलेला आणि पैशाचा मारा सोसून जिंकलेला माणूस एकच असेल, तर 'खुर्ची विकत घेतली' हे विधान कुठे टिकतं?

पैशाने त्यांनी घेतली ती ओळख. ॲन आर्बरच्या एका उद्योजकाचं परकं नाव महिनोन्महिने दूरचित्रवाणीवरून घराघरांत गेलं, आणि हरलेल्या त्या निवडणुकीतही डेट्रॉईट शहराने त्यांना भरघोस मतं दिली. मग ते डेट्रॉईटला राहायला गेले, २०२० मध्ये तिथून राज्याच्या विधानसभागृहात निवडून आले, आणि दोन वर्षांत वॉशिंग्टनला पोहोचले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या 'बकली विरुद्ध व्हालेओ' खटल्यात उमेदवाराला स्वतःचा पैसा हवा तेवढा खर्चायची मुभा दिली आहे. ठाणेदारांनी नियम मोडला नाही. पण एकदा हरायला एक कोटी डॉलर मोजता येणं ही सवलत शाळेतल्या मास्तरणीला किंवा मोटार कारखान्यातल्या कामगाराला नसते. त्यांच्यासाठी पहिला पराभवच शेवटचा असतो. आक्षेप घ्यायचा तर इथे घ्यावा, आणि तो ठाणेदारांवर नव्हे, त्या मुभेवर.

आणि आपण भारतीयांनी नाक मुरडताना जरा जपून. आपले उद्योगपती संसदेत जातात ते बहुधा राज्यसभेच्या मागच्या दाराने. अनिल अंबानी २००४ मध्ये उत्तर प्रदेशातून, राहुल बजाज २००६ मध्ये महाराष्ट्रातून, विजय मल्ल्या २००२ आणि २०१० मध्ये कर्नाटकातून गेले. आमदारांची मतं जुळवली की झालं. मल्ल्या तर स्वतःची विमान कंपनी चालवत असताना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या सल्लागार समितीवर होते. नवल टाटा १९७१ मध्ये दक्षिण मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभे राहिले, हरले, आणि तो रस्ता पुढे फार थोड्यांनी धरला. ठाणेदार मतदारापुढे उभे राहिले, हरले, पुन्हा उभे राहिले. एवढं माप त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे.

आता मिंधेपणाचा मुद्दा. स्वतःचा खिसा भरलेला आहे, तेव्हा देणगीदारापुढे मान वाकवायला नको, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. ठाणेदारांच्याच कारकिर्दीवर तो घासून पाहावा. राज्याच्या सभागृहात असताना २०२१ मध्ये त्यांनी इस्रायलवर कडक टीका करणाऱ्या ठरावाला आपलं नाव दिलं होतं. म्हणूनच 'आयपॅक' त्यांच्या मागे लागली. काँग्रेसमध्ये गेल्यावर त्यांची भूमिका बदलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पॅलेस्टाइनसमर्थक मोर्च्याचा निषेध म्हणून त्यांनी 'डेमोक्रॅटिक सोशालिस्ट्स ऑफ अमेरिका' या डाव्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं, आणि २०२४ मध्ये 'आयपॅक' त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मत बदलणं हा गुन्हा नाही. ते मनापासून बदललं असेल, मी कोण शंका घेणार? पण स्वतःच्या पैशावर उभ्या असलेल्या माणसालाही पुढची निवडणूक जिंकायची असते, हे तर खरं. प्रतिनिधिगृहाची मुदत अवघी दोन वर्षांची. देणगीची गरज नसली तरी विरोधात येणाऱ्या पैशाची धास्ती श्रीमंतालाही वाटते.

दुसरी गोष्ट खर्चाची. निवडून आल्यावर कार्यालयाच्या सरकारी निधीतून ठाणेदारांनी स्वतःच्या छबीच्या जाहिराती आणि रस्त्यांवरचे फलक यांवर जो पैसा लावला, त्यावर मिशिगनमध्ये बरीच टीका झाली. मतदारांपर्यंत माहिती पोहोचवतो, असं त्यांचं समर्थन. नियमांत ते बसतंही. मात्र पदरमोड करणारा माणूस सार्वजनिक पैशाला आपोआप जपून हात लावतो, हे गृहीतक त्यातून उरत नाही. कदाचित उलटच: ज्या उपायाने आपण जिंकलो, तोच उपाय माणूस पुन्हा करतो, पैसा कुणाचाही असो.

कंपनी आणि सरकार यांची सांगड मात्र मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ती सगळ्यांत पटकन पटते. मालकाचा गुण म्हणजे निर्णय. सकाळी ठरवलं, संध्याकाळी अंमल. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य आहेत आणि सगळे हजर असतील तर २१८ जुळल्याशिवाय कागद हलत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ठाणेदारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं दाखल केली. सभागृहात बहुमत ट्रम्प यांच्याच पक्षाचं. सहप्रस्तावक म्हणून नावं दिलेल्या सदस्यांनी पक्षनेतृत्वाची संमती नाही हे कळताच ती मागे घेतली. तरी मे महिन्यात ठाणेदारांनी मतदान घ्यायला लावणारी सूचना मांडली, सहकारी चिडले, आणि ऐन वेळी त्यांनी ते मतदान टाळलं. आरोप खरे की खोटे हा इथे प्रश्न नाही. ते खरे मानले तर असल्या हाताळणीने त्या आरोपांचंच नुकसान झालं. कायदेमंडळातला मुरलेला माणूस आधी माणसं मोजतो, मग उठतो. ठाणेदार आधी उठले.

मालकाकडे आणखी एक सोय असते, जी प्रतिनिधीला नाही: किल्ल्या देऊन बाहेर पडायची. २०१० मध्ये त्यांचा 'ॲझोफार्मा' समूह कोसळला, तेव्हा न्यू जर्सीतल्या प्राणीचाचणीच्या प्रयोगशाळेत शंभराहून अधिक बीगल कुत्री आणि माकडं अडकून पडली. प्राणिमित्रांनी धावपळ करून त्यांची सोय लावली. २०१८ च्या प्रचारात हे प्रकरण उकरलं गेलं. बँकेने ताबा घेतल्यावर आपल्या हातात काही उरलं नव्हतं, असं ठाणेदारांचं म्हणणं. ते जसंच्या तसं खरं मानू. कंपनी कायद्याची रचनाच तशी आहे, बुडालेल्या धंद्याचं ओझं एका मर्यादेपलीकडे मालकावर पडत नाही आणि त्यामुळेच लोक धंदा करायला धजावतात. पण डेट्रॉईट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा लाखो माणसं तिथेच राहत होती. त्यांना ॲन आर्बरला जाऊन नवी कंपनी काढता येत नव्हती. अशा गावाचा प्रतिनिधी व्हायला लागतो तो टिकून राहण्याचा सराव: वॉर्डाच्या बैठका, पाण्याची बिलं, वर्षानुवर्षं तीच तक्रार ऐकून घेणं. उद्योजकाला तो करताच येत नाही असं नाही. तो त्याला धंद्यात मिळत नाही, आणि केमिरचा ताळेबंद त्याची जागा घेत नाही, एवढंच माझं म्हणणं.

राहिला 'आपला माणूस'. बेळगावात वाढलेल्या माणसाबद्दल मराठी मन हळवं होणारच. पण बेळगावकराला प्रतिनिधित्वाचा प्रश्न काय असतो ते कुणी शिकवायला नको. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हापासून तिथला मराठी माणूस सांगत आलाय की आमच्या भाषेचा, आमच्यातला माणूस सभागृहात हवा. २०१८ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार कर्नाटक विधानसभेत गेला नाही, तेव्हा अनेकांनी मतविभागणीकडे बोट दाखवलं. आता डेट्रॉईट पाहा. तीन चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय वस्तीचं शहर. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेल्यापासून या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे सतत होता. २०२२ च्या प्रायमरीत नऊ उमेदवार उभे राहिले, मतं फुटली, आणि सुमारे २८ टक्क्यांवर ठाणेदार निवडून आले. जवळजवळ सात दशकांची साखळी तुटली. बेळगावच्या सत्कारात ढोल वाजत असताना डेट्रॉईटच्या चर्चमध्ये काय बोललं जात असेल, हे ओळखायला बेळगावकराइतका लायक श्रोता दुसरा नाही.

ठाणेदारांचे पाठीराखे यावर म्हणतात की २०२४ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतं दिली, मग रडगाणं कशाला? उत्तर वजनदार आहे, कृष्णवर्णीय मतदारांशिवाय तो आकडा गाठणं अशक्य होतं. फक्त त्या वेळी हॉलियर रिंगणात नव्हते. त्यांच्या उमेदवारी अर्जावरच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत म्हणून त्यांचं नाव मतपत्रिकेवरून वगळलं गेलं होतं.