गाभारा आणि चंबू

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्द फोडून पाहण्याची खोड असते. ‘गर्भगृह’ हा शब्द असाच एकदा वर्गात फोडायला घेतला, तो मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आत तर देव बसलेला असतो, मग गर्भ कुणाचा?” वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

आमच्या अंबरनाथच्या शिवालयात त्याचे उत्तर पायांनीच मिळते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, शिलाहार राजा मम्वाणीच्या कारकीर्दीत हे देऊळ उभे राहिले. बाहेरच्या भिंतींवर शिल्पांची नुसती गर्दी आहे. पण गाभाऱ्यात जायचे, तर इतर देवळांसारखे वर चढायचे नाही. सुमारे वीस पायऱ्या खाली उतरायचे. जमिनीच्या पोटातला अंधार, गारवा आणि ओल. मान वर करावी, तर शिखर वरून उघडे असल्यामुळे आकाशाचा तुकडा दिसतो. खाली ओलसर अंधार, वरून उतरणारा उजेड. जीव कोठून आला असेल, असा विचार मनात येण्यास याहून योग्य जागा कोणती?

कलेने या प्रश्नाचे चित्र रंगवताना पुन्हा पुन्हा एक भांडे घेतले आहे आणि त्यात पाणी ओतले आहे. ऋग्वेदातले हिरण्यगर्भाचे सूक्त घ्या, की डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात जिचा शोध घेतला ती लज्जागौरी घ्या. मस्तकाच्या जागी कमळ धारण करून ती प्रसूतीच्या बैठकीत बसलेली असते. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? नुकतेच नवरात्र झाले. घरोघरी पत्रावळीवर माती पसरली, तिच्यावर पाण्याचा घट ठेवला, भोवती धान्य पेरले. नऊ दिवसांत पिवळसर कोंब वर आले. वर्षातून एकदा आपल्या घरातल्या बायका जीवाच्या आरंभाचेच चित्र काढतात, फक्त त्याला तसे नाव देत नाहीत.

आता गंमत पाहा. विज्ञानाने हाच प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यानेही भांडेच मांडले! १९२४ साली रशियात ओपारिनने आणि १९२९ साली इंग्लंडात हाल्डेनने अशी कल्पना मांडली, की आरंभीच्या पृथ्वीवर प्राणवायू मोकळा नव्हता आणि तशा हवेत साध्या द्रव्यांपासून जीवद्रव्ये घडत गेली असावीत. (हे हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारले.) १९५३ साली शिकागोला स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने आपले गुरू यूरी यांच्या हाताखाली ती कल्पना काचेत उतरवली. एका चंबूत पाणी उकळत ठेवले, तो समुद्र. दुसऱ्यात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन, ती हवा. तिच्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या; ते आकाश. दुसऱ्याच दिवशी पाणी गुलाबी झाले, आठवड्याअखेर गडद तांबडे. त्यात अमिनो आम्ले सापडली. प्रथिने ज्या विटांनी बांधली जातात, त्या या विटा.

पण विटा म्हणजे घर नव्हे. आरंभीची हवा मिलरने धरली तशी नसावी, असे पुढे अनेकांनी म्हटले. काहींनी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांकडे बोट दाखवले. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी आकाशाकडे वळले. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी वीस ते चाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली आणि तीत तीन नव्या जातींचे जंतू मिळाले, हे २००९ साली जाहीर झाले. ते वरून आले की खालूनच उडाले, हा वाद राहिला. ते वरून आले म्हटले, तरी तिथे ते कसे झाले, हा प्रश्न उरतोच. निर्जीवातून जीव आजवर कोणालाही घडवता आलेला नाही.

मला या कथेत खरी मोलाची वाटते ती ही हार. कारण शिवालयातून बाहेर आलात, की शेजारीच वालधुनी वाहते. अंबरनाथच्या डोंगरातून निघून ती उल्हासनगरात शिरते. १९४७ नंतर सिंधूचा काठ सोडून आलेली माणसे इथल्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांचा झुलेलाल म्हणजे जलदेवता, मासोळीवर बसून येणारा. अशा पाण्याच्या भक्तांच्या गावात ही नदी नाला म्हणून ओळखली जाते. २०१४ साली टँकरमधून तिच्यात रसायन सोडले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो लोकांना इस्पितळात धाडले.

सांडपाणी कुजू लागले, की ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकते. मासे मरतात आणि प्राणवायूवाचून जगणारे जंतू तेवढे उरतात. काळा गाळ आणि कुजक्या अंड्यांचा वास ही त्यांची खूण. अशाच प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवांनी पृथ्वीवरच्या जीवनाला सुरुवात झाली. तिथून मोकळ्या प्राणवायूच्या हवेपर्यंत यायला शंभर कोटींहून अधिक वर्षे लागली. तेवढाच प्रवास उलटा करायला आपल्याला एका माणसाचे आयुष्यही पुरले. मिलरचा चंबू रसायनांपासून जीवाकडे निघाला होता. आपला चंबू जीवाकडून रसायनांकडे निघाला आहे.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, “गर्भ देवाचा नव्हे, बाबा, आत जाणाऱ्याचा. माणूस खाली उतरतो आणि नवा होऊन वर येतो.” नदीला मात्र तशी सोय नाही. तिचे काय बिघडले, ते आपल्यालाच निस्तरायचे आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून पहिला तांब्या अंगावर घेताना आपण गंगा, यमुना, गोदावरी यांची नावे घेतो. यंदा त्यांच्या जोडीला वालधुनीचेही घ्या. नाव घेतले, की निदान ती नदी आहे, एवढे तरी घरातल्या मुलांच्या कानी पडेल.