दप्तराविना दहा दिवस. गाव काय देणार?

ऐन पाणी देण्याच्या वेळी मोटार जळते. रिवाइंडिंगवाला तालुक्याला, त्याच्याकडं रांग. तो म्हणतो, हाताखाली पोरगा मिळत नाही. आणि इकडं गावात दहावी-बारावी झालेली पोरं पारावर बसून. हा मेळ शाळेनं एकटीनं बसवायचा की गावानंही, शेतकरी बंधूंनो?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन काम शिकावं, हा हेतू. पण हे कारागीर शाळेत नाहीत, गावात आहेत. गावानं दार उघडलं नाही तर हे दिवस सहलीत आणि रांगोळीत जातील. कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव सांगितला होता. बऱ्याच शाळांत त्याचं काय झालं, हे तुम्हीच आठवा.

याउलट शिरूर तालुक्यातलं पाबळ पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस हाताचं काम : लोखंडकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. शिकवायला जवळपासचेच हुन्नरी लोक. पोरांनी केलेल्या कामाचे गावाकडून पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक खरं, म्हणून मापही खरं. शिक्षणाची गोडी तिथंच लागते.

आपल्याला काय करता येईल? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, म्हणजे तुम्हीच. मुख्याध्यापकांना घेऊन एक यादी करा. वेल्डिंगवाला, गवंडी, रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, आशाताई, निवृत्त जवान. प्रत्येकाकडून वर्षातला अर्धा दिवस मागा. फॅट कसं लागतं नि दर कसा ठरतो, हे पोरानं डेअरीवर पाहिलं तर टक्केवारीचं गणित वेगळं शिकवावं लागणार नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. गवंड्याचा अर्धा दिवस बुडतो. फुकटचा सत्कार देऊन त्याची चूल पेटत नाही. त्याची रोजी कशातून द्यायची, हे सरपंच आणि भाऊसाहेबांनी आधी ठरवावं. दुसरं, शिकणं म्हणजे राबणं नव्हे. १४ वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या धंद्यात कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि धोक्याच्या कामाला १८ वर्षांपर्यंत बंदी आहे. सोबत शिक्षक हवाच, ठिणगीपासून पोर लांब हवं. आणि मुलींना नुसतं शिवणकाम नको, मोटारीचा स्टार्टरही दाखवा.

पोरगं शिकून शहरात गेलं तर आनंदच आहे. पण गावात राहिलं तर त्याच्या हातात काही असावं, एवढं तरी गावानं पाहावं. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या.